चाकांवरचा पाहुणचार

पाचगणी, २४ जानेवारी २०२५

वर्षाताई,

फोन न करता मेल लिहितेय, रागावू नकोस. या गाडीत एकाने जांभई दिली तरी चौघांना कळतं. इथे फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. म्हणून "शाळेचे पेपर तपासते" असं सांगून एका दगडावर येऊन बसलेय.

तुझ्या भावाने तुला सांगितलंच असेल, "साहेबांनी फॅमिलीसकट ट्रिपला बोलावलंय, कॅराव्हॅनमधून." मलाही त्याने असंच सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा पहिल्यांदा शाळेची बस बघितलेल्या मुलासारखा झाला होता. मनवाला आईकडे चिंचवडला ठेवलं आणि निघालो.

आता या कॅराव्हॅनचं वर्णन ऐक. मालोजीसाहेबांनी बसचा सांगाडा घेऊन भोसरीत ती बांधून घेतली आहे. आत दोन पलंग, फ्रिज, टीव्ही, शेगडी, मरून रंगाचं रेक्झिन, छताला निळे दिवे. लग्नाचं कार्यालय आणि दातांचा दवाखाना यांचा संसार झाला तर जे मूल होईल ते हे. संडास कपाटाएवढा. आत गेल्यावर गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. त्याची टाकी रोज कोण रिकामी करतं? ड्रायव्हर कोंडाजी. कॅराव्हॅन साहेब स्वतः हौसेने चालवतात, तो मागून बोलेरोतून येतो, त्याच्यासोबत आचारी आणि जनरेटर. साहेबांच्या मॅडम दर अर्ध्या तासाने म्हणतात, "कॅम्पिंगमध्ये कसं, आपलं आपण करायची मजा असते." आतापर्यंत त्यांनी स्वतः फक्त फोटो काढले.

पसरणी घाट चढताना खाली सगळं वाई, धोमचं पाणी, दूरवर उसाच्या हिरव्या चौकटी. इतकं सुंदर दिसत होतं, आणि आत स्पीकरवर लग्नातली गाणी. मी खिडकी उघडली तर मॅडम म्हणाल्या, "एसी चालू आहे ना!"

आणि ज्ञानेश. ताई, तुझा भाऊ आहे म्हणून बोलू नये, पण बोलते. मालोजीसाहेब विनोद सुरू करतात तेव्हाच हा हसायला लागतो. शेवटपर्यंत थांबला तर कदाचित हसू येणार नाही, ही भीती असावी. गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली विटा लावायच्या होत्या, तर कोंडाजीच्या हातातली वीट हिसकावून याने लावली. कारखान्यातल्या दोनशे माणसांच्या शॉपचा मॅनेजर!

एक गंमत. साहेबांनी मला विचारलं, "वहिनी, आमचे ज्ञानेशराव घरी कंपनीतलं काय बोलत्यात का न्हाई?" मी म्हटलं, घरी ते टीव्हीशीच बोलतात. तर केवढे खूश झाले! "असाच मानूस पायजे," म्हणाले. तळेगावला नवा प्लँट होतोय. मला वाटतं तो ज्ञानेशला मिळणार. त्याशिवाय एवढा पाहुणचार कोण करतं?

संक्रांतीला "येऊ नकोस, घरी गर्दी आहे" म्हणालीस. कुणाची गर्दी? तिळगूळ अजून डब्यात आहे.

योगिनी

---

दापोडी, २५ जानेवारी

योगिनी,

ड्युटी संपवून डेपोतच बसून लिहितेय. बोलून टाइप करते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस बाई, तू तुझ्या पोरांच्या काढ.

निळे दिवे वाचून हसले. आमच्या बसला मागचे दिवे लागले तरी आम्ही पेढे वाटतो. आणि घर सोडून फिरायला जायचं तर घरच बरोबर न्यायचं, ही कसली हौस? ज्याला घरात करमत नाही त्याला चाकं लावलेल्या घरात कसं करमणार?

मालोजीला मी बघितलंय. ज्ञानेशच्या वास्तुशांतीला आला होता. माझ्याशी बोलताना सारखा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता, कोण मोठं माणूस आलंय का म्हणून. कंडक्टरशी काय बोलायचं! चाकणची जमीन कारखान्यांना गेली तेव्हा नशीब फळफळलं, आणि तेव्हापासून त्याला वाटतं अक्कलही त्याच व्यवहारात मिळाली.

एक विचारते. खरं सांग. ज्ञानेश तुझ्याशी कंपनीतलं काही बोललाय का? या महिन्यातलं? नसेल बोलला तर विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

गर्दी म्हणजे काही नाही. सोजरबाईला बरं नाही. मागच्या खोलीत पडून आहे, तिच्या गावाकडची माणसं येऊन-जाऊन असतात.

वर्षा

---

तापोळा, २५ जानेवारी

वर्षाताई,

नाही बोलला. विचारलं मी. म्हणाला, "इथे तरी कंपनी नको." आणि लगेच साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेला. तुलाही त्याने प्लँटचं सांगितलं असणार आणि तू माझ्या तोंडून ऐकायला बघतेयस, हो ना? मला एवढं कळतं. बढती मिळो बापडी. पण तिच्यासाठी माणसाने किती वाकावं, याला काही माप?

आजची कथा. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा रस्ता तू बघितला नसशील. एका बाजूला कारवीचं रान, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जेमतेम दोन गाड्या चुकतील एवढी जागा. एका वळणावर आमचा राजवाडा अडकला. पुढचं तोंड डोंगराला, मागचं बूड दरीला. मागे एसटी येऊन थांबली. माणसं उतरली. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी, तिला खाली दवाखान्यात जायचं होतं. कंडक्टरने सांगितलं, थोडं मागे घ्या, पुढे घ्या, मी हात दाखवतो. मालोजीसाहेब खिडकीतून म्हणाले, "थांबतील की. कुठं ऑलिंपिकला चाललीत?" ज्ञानेश हसला. एसटीच्या कंडक्टरवर हसला, ताई. तुझी आठवण त्याला आली नसेल असं मी धरून चालते, कारण आली असूनही हसला असेल तर मला ते पेलवणार नाही.

शेवटी कोंडाजीने आणि त्या कंडक्टरने मिळून गाडी काढली. साहेबांनी कंडक्टरला नोट दिली, त्याने ती घेतली नाही. गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "माज बगा."

आता कोयनेच्या पाण्याकाठी मुक्काम आहे. पाणी निळं-करडं, पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकेक फिकट होत गेलेली. एवढ्या जागेत गप्प बसलं तरी पोट भरतं. पण आम्ही गप्प बसत नाही. दुपारी जेवताना मशीनचा विषय निघाला. प्रेसला म्हणे काहीतरी पडदा असतो. साहेब म्हणाले, "पडदा लावला का बाया लाजत काम करत्यात, पडदा काडला का धडाधड माल." मॅडम हसल्या, ज्ञानेश हसला. मला विनोद कळला नाही. पण ज्ञानेश या वेळी नेहमीपेक्षा उशिरा हसला, तेवढं लक्षात आलं.

सोजरबाईंना काय झालंय? दिवाळीत माझ्या शेजारी बसून करंज्यांना मुरड घालत होत्या, माझ्या एका करंजीत त्यांच्या चार. पाचगणीची स्ट्रॉबेरी घेतलीय त्यांच्यासाठी.

योगिनी

---

दापोडी, २६ जानेवारी

योगिनी,

म्हणजे त्याने सांगितलं नाही. पंधरा दिवस मी वाट बघितली. "ताई, योगिनीला मीच सांगतो, तू मधे पडू नकोस," असं माझ्या पायाला हात लावून म्हणाला होता. म्हणून मी गप्प होते. संक्रांतीला तुला येऊ नको म्हटलं तेही त्याच्याच सांगण्यावरून. आता बस झालं.

सोजरबाई आता करंज्या करणार नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली आहे.

गेली ज्ञानेशच्या शॉपमध्ये. मीच लावली होती ना तिला तिथे! नवरा गेल्यावर उस्मानाबादकडून आली, मागची खोली घेतली, घरोघर धुणीभांडी करायची. मी ज्ञानेशला म्हटलं, कंपनीत लाव, चार दिवस सुखाचे येतील तिला. कंत्राटदाराकडून लागली. सहा महिन्यांत तिला प्रेसवर बसवलं, हात चपळ म्हणून.

तुला विनोद कळला नाही ना? कळवते. प्रेसच्या तोंडाशी सेन्सरचा पडदा असतो. पत्रा ठेवताना हात आत राहिला तर मशीन तिथल्या तिथे थांबतं. पण सारखं थांबलं की माल कमी निघतो. म्हणून पडदा बंद करून ठेवायचा. त्या दिवशीही बंद होता. ती पत्रा सरकवत होती, आणि वरून प्रेस आला.

आता कंपनी म्हणते, तिचं लक्ष नव्हतं, मोबाइलवर बोलत होती, पडदा तिनेच बंद केला. योगिनी, तिला मोबाइलवर नंबर लावता येत नाही, मी लावून देते. ती मशीनचा पडदा बंद करणार? मंगळवारी सरकारी साहेब तपासणीला येणार आहेत, आणि कंपनीतर्फे जबाब देणार आहे आपला ज्ञानेश. तिच्याविरुद्ध. तुला तो निळ्या दिव्यांचा पाहुणचार कशासाठी चाललाय ते आता कळलं असेल. तळेगावचा प्लँट वगैरे असेलही. पण त्याची किंमत माझ्या मागच्या खोलीत पडलीय, हाताला पांढरं गुंडाळून.

तिला विचारलं, ज्ञानेशशी बोलू का? म्हणाली, "नगा ताई. साहेब हायेत ते. येतील की बगायला." पंधरा दिवस ती हेच म्हणतेय. दारात चप्पल वाजली की मान वर करते.

स्ट्रॉबेरी आणू नकोस. तुझ्या हातून ती खायची तिच्यावर वेळ नको.

वर्षा

---

चिंचवड, २७ जानेवारी

वर्षाताई,

आईकडे आहे. काल संध्याकाळी पोहोचले. मी एकटीच.

तुझी मेल मी पाण्याकाठी वाचली, रेंज फक्त तिथेच होती. परत आले तर साहेबांनी गाडीच्या आरशाला झेंडा अडकवला होता आणि चौघांनी राष्ट्रगीत म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. माझ्यासाठी थांबले होते. मी ज्ञानेशला गाडीच्या मागे नेलं.

"सोजरबाईंची बोटं गेली?"

तो काय म्हणाला सांगू? "तुला कोणी सांगितलं?"

हा त्याचा पहिला प्रश्न, ताई. मग पुढचं सगळं ओळीने आलं. मी सांगणारच होतो. तुझी ट्रिप खराब होईल म्हणून. माझी ट्रिप! मग म्हणाला, इंडस्ट्रीत हे होतंच. मग म्हणाला, मनवाचं शिक्षण आहे. माणूस पोरीच्या मागे किती पटकन लपतो! एवढा उंच माणूस, चौदा वर्षांच्या मुलीच्या मागे पूर्ण मावला.

मी विचारलं, "मंगळवारी तू काय सांगणार आहेस?"

"जे ठरलंय ते."

तेवढ्यात मालोजीसाहेब आलेच. या गाडीच्या भिंती कागदाच्या आहेत हे मी विसरले होते. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर तेच हसू. "वहिनी, बसा. च्या घ्या. आवो, अपघात हाय त्यो. बाईनं सोता हात घातला, त्याला कोन काय करनार?"

मी म्हटलं, "काल जेवताना तुम्हीच म्हणालात, पडदा काढला की धडाधड माल."

"ते हसन्यावारी व्हतं."

"मी हसले नव्हते. त्यामुळे मला ते जसंच्या तसं लक्षात आहे. मंगळवारी तिथे येऊन सांगेन."

हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "प्लीज, आज रिपब्लिक डे आहे. निगेटिव्ह नको." मी आत गेले, पिशवी भरली. ज्ञानेश मागून कुजबुजत होता, "योगिनी, लोक बघतायत." लोक म्हणजे आचारी, कोंडाजी आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. म्हशींच्या नजरेत काही नव्हतं. कोंडाजी मात्र माझ्याकडे बघत होता, आणि मग त्याने मान खाली घालून संडासाची टाकी उचलली.

मी चालत स्टँडवर आले. मागे वळून बघितलं तर ज्ञानेश रस्त्यापर्यंत आला होता. मला वाटलं येतोय. तो थांबला, गाडीकडे बघितलं, परत गेला. मग मला स्पीकरवरचं राष्ट्रगीत ऐकू आलं. तिघांनी म्हटलं असणार.

मी उद्या तपासणीच्या वेळी तुझ्याबरोबर येते. सोजरबाईंना सांग, किंवा नको सांगूस. त्यांच्यासमोर यायची मला लाज वाटते. स्ट्रॉबेरी तापोळ्याच्या स्टँडवर एका म्हातारीला दिली.

योगिनी

---

दापोडी, २९ जानेवारी

योगिनी,

काल गेटवरच्या उन्हात आपण दोघी तासन्‌तास उभ्या राहिलो, आत घेतलं नाही, म्हणून तू चिडून निघून गेलीस. आणखी थोडं थांबायला हवं होतंस.

संध्याकाळी ज्योतीराम आला. कंत्राटी कामगारांसाठी धावपळ करतो तो. आत होता. त्याने सांगितलेलं लिहिते, मला अजून खरं वाटत नाही. ज्ञानेश जबाबाला उभा राहिला, घाम पुसला, आणि म्हणाला, "पडदा बंद होता. पहिल्यापासून बंद ठेवतो. मालकांचा तसा आदेश आहे, आणि बाईंचा यात काही दोष नाही." ज्योतीराम म्हणतो, मालोजीचा चेहरा असा झाला, जणू त्याच्याच खुर्चीने त्याला चावा घेतला. ते मशीन सील केलं. सोजरबाईवरचा आळ गेला. ज्ञानेशला तिथेच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मी रडले, खोटं कशाला बोलू. आईबापाविना वाढवलेला भाऊ आहे माझा. पंधरा दिवस मी त्याला मनातल्या मनात चपलेने मारत होते. पण वेळेला उभा राहिला की नाही? नोकरीवर लाथ मारली की नाही? सोजरबाईला सांगितलं तर तिने फक्त "बरं जालं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटतं तिलाही रडू आलं असणार.

आता तू घरी जा. माणूस एकदा घसरतो, पण सावरला तर हात द्यावा. हे तुझी नणंद म्हणून नाही, मोठी म्हणून सांगते.

वर्षा

---

चिंचवड, २ फेब्रुवारी

वर्षाताई,

तुझी मेल वाचून मीही रडले होते. त्याच्या आवडीची भाजी करायची म्हणून बाजारातसुद्धा गेले. भाजी निवडत असतानाच तो आला. चेहऱ्यावर असा भाव, जणू गळ्यात हार आहे आणि तो फक्त मला दिसत नाहीये.

मी विचारलं, "हे कधी ठरवलंस?" त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं. आपण काय सांगतोय हे त्याला कळतही नव्हतं. मी उतरून गेल्यावर गाडीत काय झालं ते ऐक.

मालोजी म्हणाला, "आता बाईवर ढकललं तर तुमची मिशेस बोंब मारंल. त्यापेक्षा असं करू. पडदा बंद करायचा आदेश शॉप मॅनेजरनं परस्पर दिला, कंपनीला म्हाईत न्हाई. तुमी चार म्हैने घरी बसा. हवा गार झाली का तळेगावला घेतो." आणि ज्ञानेशच्या पाठीवर थाप मारली. परत येताना, त्याच घाटातून, त्याच निळ्या दिव्यांखाली हा बसून होता. तेव्हा म्हणे त्याला साक्षात्कार झाला. "योगिनी, त्यांनी मला बळीचा बकरा केला असता! मी म्हटलं, असं आहे का? मग मीही सगळं सांगतो."

बळीचा बकरा! आदल्या दिवसापर्यंत सोजरबाईंना बळी द्यायला हा सुरी धुऊन तयार होता. त्याची मान पुढे आली आणि याला सत्य आठवलं. आणि सगळं सांगितलं म्हणतो ते तरी सगळं आहे का? मालकाचा आदेश होता, खरं. पण शॉपमध्ये उभं राहून "पडदा बंद करा" हे म्हणायचं कोण? मालोजी काही प्रेसपर्यंत यायचा नाही, त्याच्या बुटांना तेल लागतं.

मी हे विचारलं. तो म्हणाला, "आता ते उकरून काय फायदा?"

तो खोटं बोलला असता तर मी त्याचा तिरस्कार केला असता, आणि तिरस्कारात निदान दम असतो. आता तो खरं बोललाय, आणि मला किळस येते. ही किळस घेऊन मी त्याच्या ताटात भाजी कशी वाढू, तूच सांग. भाजी आईने आणि मनवाने खाल्ली.

बाकी मॅडमनी ट्रिपचे फोटो टाकलेत. माझा सगळ्यांतून काटा काढलाय. एका फोटोत फक्त माझं कोपर उरलंय. त्या सगळ्या प्रवासातला माझा तेवढाच भाग मला आवडला.

तुझा आनंद खराब केला, माफ कर.

योगिनी

---

दापोडी, १५ फेब्रुवारी

योगिनी,

उत्तर द्यायला इतके दिवस लावले, कारण मला तुझा राग आला होता. माझ्या भावाला एवढासुद्धा चांगुलपणा तू राहू देत नाहीस, असं वाटलं. मग काल जे झालं ते बघितलं, आणि तुझ्यावरचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

काल दुपारी ज्ञानेश आला. पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. सोजरबाई मागच्या दारी परातीपुढे बसली होती. डाव्या हाताने भाकरी थापायला शिकतेय. तीनदा मोडली, चौथ्यांदा जमत आली होती. हा खुर्ची ओढून बसला आणि बोलायला लागला. "सोजरबाई, तुमच्यासाठी मी नोकरी सोडली. मोठ्या माणसाशी वैर घेतलं. पण मी म्हटलं, काही झालं तरी खरंच बोलायचं." बराच वेळ बोलला. ती पीठ मळत राहिली.

मग तिने हात थांबवला. "साहेब, येक इचारू? आमच्या शिफ्टला पडदा बंद करा म्हनून कुनी सांगितलं व्हतं?"

"मालकांचा आदेश—"

"त्यांचं नाई इचारलं. मशीनपाशी येऊन कोन म्हनलं व्हतं? मी तितंच बसले व्हते."

योगिनी, मी दारात उभी होते. मला पहिल्यांदा कळलं की तिला पहिल्यापासून माहीत होतं. पंधरा दिवस "येतील की बगायला" म्हणत होती, ती याची वाट बघत होती.

ज्ञानेश माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी काच फुटली की बघायचा तसा. मी नजर वळवली नाही आणि मदतही केली नाही. शेवटी म्हणाला, "मीच."

"बास. येवढंच पायजे व्हतं मला," ती म्हणाली. "आता जावा."

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, चहा तर दूरच. ती पुन्हा परातीकडे वळली. तो उठला, फळांची पिशवी कुठे ठेवावी ते त्याला समजेना. उंबऱ्यावर ठेवली. तिने माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, ती पिशवी इसरले साहेब." मी ती रस्त्यापर्यंत नेऊन त्याच्या हातात दिली. मला वाटलं, एवढं ऐकून घेतलंय, "मीच" म्हणालाय, आता यातून काही उगवेल. म्हणून तुला लिहिते. तो तुझ्याकडे येईल. आला तर एकदा ऐकून घे. खरं बोलायची सवय लागायला वेळ लागतो.

वर्षा

---

चिंचवड, १६ फेब्रुवारी

वर्षाताई,

आला होता. काल संध्याकाळीच. ऐकून घेतलं.

तुझी मेल त्याआधी वाचली होती, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. साडीसुद्धा बदलली. मला वाटलं, तो येऊन फक्त तो एक शब्द म्हणाला, जो त्याने सोजरबाईंपुढे म्हटला, तर मी पिशवी भरून त्याच्याबरोबर निघेन. पुढे काही विचारणार नाही.

तो बसला. फळांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "काल दापोडीला जाऊन आलो. सोजरबाईंना भेटलो."

"मग?"

"अगं, काय सांगू. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, साहेब, तुमच्यामुळे माझ्यावरचा आळ गेला. डाव्या हाताने चहा केला त्यांनी माझ्यासाठी, योगिनी. मी नको नको म्हणत होतो. त्या हाताने केलेला चहा! माझ्या घशाखाली उतरेना."

"त्यांनी काही विचारलं नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ, न चाचरता. "काय विचारणार बिचारी? आणखी एक कप घ्या, एवढंच म्हणत होत्या."

तुझी मेल माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये होती. मी ती दाखवली नाही. दाखवली असती तर त्याने "तुला कोणी सांगितलं?" असं विचारलं असतं, आणि ते मला दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

मी पुढच्या महिन्यापासून शाळेजवळ खोली बघतेय, मी आणि मनवा. सोजरबाईंना भेटायला रविवारी येते. त्यांनी हाकललं तरी येते.

तो बसूनच होता. आईने आतून विचारलं, "जावईबापूंना चहा टाकू का गं?"

मी म्हटलं, "नको आई. ते दापोडीला पिऊन आलेत."

योगिनी